बुवांनी सोडवलेला माणूस

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या भागात दोनच गोष्टी मुबलक होत्या. एक खडी, आणि दुसरी आमच्या बुवांची वाणी. बाकी सगळ्याची बोंब. बाहत्तरचा पाऊस आला तसा गेला, विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि घोडेगावच्या बाजारात चांगल्या खिल्लारी बैलाकडेसुद्धा कोणी वळून बघेना. मग सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि अख्खं गाव हातोडी घेऊन खडी फोडायला बसलं. बागायतदार काय आणि भूमिहीन काय, सगळ्यांच्या हातात सारखीच हातोडी आणि सगळ्यांच्या बोटांना सारख्याच चिंध्या.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. गावात मॅट्रिक झालेले आम्ही मोजकेच, त्यातला घरी रिकामा बसलेला मी, म्हणून कामावर मला हजेरीचा कारकून नेमलं. आमचं घर बौद्ध. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण गावाची जीभ अजून जुन्याच वळणानं चालायची. कालपरवापर्यंत ‘ए, कुनाचा रं तू’ म्हणणारी माणसं आता सकाळी मस्टरवर नाव लागेपर्यंत ‘कारकूनसाहेब, कारकूनसाहेब’ करायची. नाव लागलं की साहेब गळून पडायचा आणि नुसता कारकून उरायचा. संध्याकाळी घरी जाताना तोही उरायचा नाही. मला राग यायचा, पण खरं सांगतो, रागापेक्षा हसूच जास्त यायचं.

बुवा म्हणजे आमच्या गावचे पोथी सांगणारे. आमच्याकडे पोथीला दोन माणसं लागतात. एक ओवी वाचणारा, आणि दुसरा तिचा अर्थ सांगणारा. वाचणारा कोणीही चालतो, अक्षर ओळखता आलं म्हणजे झालं. खरा मान अर्थ सांगणाऱ्याचा. बुवांना स्वतःला वाचता येत होतं की नव्हतं, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, चष्मा घरी ऱ्हायला. तो चष्मा कोणी कधी बघितला नव्हता. पण ओवी कानावर पडायचा अवकाश, की ते तिचा असा काही विस्तार करायचे, की वाचणाऱ्याला मधल्या मध्ये एक डुलकी निघायची. आवाज कधी खाली आणायचा, प्रश्न विचारून कधी गप्प बसायचं, उपरण्याचं टोक डोळ्याला कधी लावायचं, सगळं बयाजवार. घरचे ते खाऊनपिऊन सुखी, पण त्या वर्षी तेही खडीवर होते. खडी फोडण्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख एकच, की चातुर्मास कोरडा गेला आणि त्यात पोथी लागली नाही. दमलेल्या माणसांना अर्थ कोण सांगणार आणि ऐकणार कोण? म्हातारा बोलायला मिळेना म्हणून वाळत चालला होता.

कामावर सावलीची झाडं दोन. एक चांगला डेरेदार लिंब, आणि थोडं पलीकडं एक बाभूळ. दुपारी भाकरी सोडायच्या वेळी गाव लिंबाखाली बसायचं आणि आमची वस्ती बाभळीखाली. हे कोणी ठरवलं होतं असं मुळीच नाही. सरकारी काम होतं, असलं काही ठरवायला कायद्यानं बंदी होती. म्हणून कोणी ठरवलं नाही, नुसते बसले. बाभळीची सावली म्हणजे चाळणीतून गाळलेलं ऊन. मी मात्र मस्टरची पत्र्याची पेटी घेऊन लिंबाच्या बुंध्यापाशी बसायचो. पेटी सरकारी असल्यामुळे तिला जात नव्हती, आणि तिच्या पुण्याईनं मलाही थोडी सवलत होती.

मस्टर घेऊन मला अधूनमधून शेवगावला जावं लागायचं. तिथल्या वाचनालयातून येताना मी एखादं पुस्तक आणायचो. असंच एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. पहिली पानं कोणीतरी फाडून नेलेली, त्यामुळे नाव काय, लिहिणारा कोण, काही कळायला मार्ग नाही. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखातली गोष्ट, कोणीतरी मराठीत आणलेली. त्यात एक काळा माणूस असतो. तो भर बाजारात एका गोऱ्याकडून खेचर विकत घेतो. पुढं तोच गोरा उलटतो आणि म्हणतो, मी विकलंच नाही, यानं चोरलं. सौदा बघणारे ढीगभर, पण काळ्याच्या बाजूनं बोलायला एक जण उठत नाही. मग एक गोरा वकील त्याचं वकीलपत्र घेतो आणि कोर्टात पानंच्या पानं भाषण करतो.

मी आपला मनातल्या मनात वाचत बसलो होतो. बुवा भाकरी खाऊन आडवे झाले होते, ते कोपरावर उठले.

‘कारकूनसाहेब, काय वाचता? मोठ्यानं वाचा की. मनात वाचल्यालं मनातच ऱ्हातं.’

मी एक पान मोठ्यानं वाचलं. बुवांनी हात वर केला, ‘थांबा’ म्हणाले, लोकांकडं वळले, आणि त्या पानाचा अर्थ सांगायला सुरुवात केली.

आता पुस्तक मराठीत होतं. अगदी शाळकरी मराठी. त्याचा अर्थ सांगायची काडीचीही गरज नव्हती, आणि तसं मी बुवांना म्हटलंही. ते म्हणाले, ‘पोथी बी मराठीतच असती.’ झालं, दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत मी वाचणारा आणि बुवा सांगणारे. मी दोन परिच्छेद वाचावेत आणि बुवांनी मुकादमाची शिट्टी होईपर्यंत ते पुरवावेत.

खेचरापाशी मात्र गोष्ट जरा अडली. ऐकणारे सगळे जनावरांच्या बाजारात हयात घालवलेले. रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारी माणसं ती, त्यांना पहिला प्रश्न पडला, दलाल कोण हुता? मी पानं चाळली. दलालाचा पत्ता नव्हता. ‘दलालाबिगर खेचर घेतलं? मंग गोष्टच कच्ची हाय,’ असं म्हणून एकानं तंबाखूची पिशवी काढली. बुवांनी ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी कथेत दलाल हजर. त्याचा फेटा, त्याची सवय, त्याची खोटी शपथ, सगळं. मी पुस्तकात बोट घालून बुवांकडं बघत राहिलो. लेखकाला सुचलं नव्हतं ते आमच्या म्हाताऱ्याला एका रात्रीत सुचलं होतं.

मग एक दिवस रंगाचा प्रश्न निघाला. लिंबाखाली एक धिप्पाड शेतकरी बसायचा, मिशा मोठ्या आणि रंग असा, की मिशा वेगळ्या शोधाव्या लागत. त्यानं विचारलं, ‘बुवा, काळा काळा म्हनता, पन काळा म्हंजे किती काळा?’

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. हसू दाबून दाबून बायकांचे पदर हलायला लागले.

बुवा असल्या वेळी कधी सापडायचे नाहीत. म्हणाले, ‘रंगावर जाऊ नगा. रंग नुसतं निमित्त. गोरे म्हंजे राज्य करनारे सायेब लोक. आन काळे म्हंजे आपुन.’

आहा, काय समाधान पसरलं त्या एका शब्दानं. काळे म्हणजे आपण. तेव्हापासून लिंबाखालचा एकूण एक माणूस त्या काळ्याच्या जागी बसला. ज्यांच्या वाड्याच्या पायरीवर माझ्या आजोबानं कधी पाय ठेवला नव्हता, ते वाडेवाले चुकचुकायचे, ‘काय हाल केले वो आपले.’ स्वतःची कीव करून रडण्यात एक गोडी असते. ती लिंबाखाली रोज दुपारी फुकट वाटली जायला लागली.

आणि माझी आई बाभळीखाली.

तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यासाठीच हे सगळं आठवतंय. आई निरक्षर. पण गोष्टीची हावरी. मी पहिलीत अक्षरं गिरवायला लागलो तेव्हापासून ती मला वाचायला लावायची. मिठाची पुडी आली की तो कागद वाच, भिंतीवर निवडणुकीचं लिहिलंय ते वाच. मी वाचायला शिकलो तो तिच्या हट्टापायी. आणि आता सगळं गाव माझं वाचन ऐकत होतं, एकटी तीच ऐकत नव्हती. वारा बाभळीकडं वाहिला तर चार शब्द जायचे, नाहीतर नुसते बुवांचे हातवारे दिसायचे. मी घसा फाडून वाचायचो. बुवा म्हणायचे, ‘अहो, हळू. आमी काय बहिरे हाय का?’

संध्याकाळी कामावरून गावाकडं चालताना ती मला विचारायची, आज काय झालं? मी सांगायचो. ती मध्येच थांबवायची.

‘काळे म्हंजे आपुन, असं बुवा म्हनले व्हय? मंग आपुन म्हंजे कोन कोन, तेवढं एकदा इचार त्यांला.’

मी हसायचो. ती हसायची नाही, पण तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी असायचं.

मग एक दिवस कोर्टातलं भाषण सुरू झालं. संध्याकाळी मी तिला उत्साहानं सांगायला लागलो, वकील असं म्हणाला, तसं म्हणाला. ती ऐकत ऐकत ओढा उतरली, वर चढली, आणि म्हणाली,

‘आन त्यो सोता काय म्हनतो?’

‘कोण?’

‘ज्याचं खेचर त्यो.’

मी आठवून बघितलं. तो काहीच म्हणत नव्हता. पानंच्या पानं तो मान खाली घालून बसला होता.

‘त्याच्या वतीनं वकील बोलतो ना,’ मी म्हणालो.

‘त्याला तोंड न्हाई का?’ आई म्हणाली. ‘खेचर त्याचं, हातकडी त्याची, आन गोष्ट वकिलाची. लिवनारा बी त्यातलाच दिसतो.’

पुढं मी कॉलेजात गेलो, मोठमोठ्या लोकांची मोठमोठी टीका वाचली. असल्या गोष्टींत सोसणारा मुका का असतो, यावर पुष्कळ पानं खरडलेली असतात. ओढा चढताना आईनं ते एका दमात सांगून टाकलं होतं, आणि वर डोक्यावरचं सरपणही सावरलं होतं.

भाषण रंगात आलं तशी बुवांनाही रंगत चढली. त्या पुस्तकातल्या कोर्टात गोरे खाली बसतात, आणि काळ्यांना वर एका माळ्यावर बसवतात. खाली वारा, वर उकाडा. पुस्तकात याला जेमतेम चार ओळी. बुवांनी त्यावर दुपारची पुरी सुट्टी घालवली. तो माळा त्यांनी असा उभा केला की लिंबाखाली घाम फुटला. मग आवाज खाली आणला, उपरण्याचं टोक उचललं, आणि म्हणाले, ‘मानसाला मानसाशेजारी बसू देत न्हाईत. उनात बसवत्यात. आरं, सावली का कुनाच्या बापानं लावल्याली असती?’

बायकांनी डोळ्याला पदर लावले. मिशीवाल्या शेतकऱ्यानं मिशी पुसली. मी सहज बाभळीकडं बघितलं. आई डोक्यावर पोत्याची घोंगती करून बसली होती, ऊन लागू नये म्हणून. मला हसू पण येत होतं आणि डोकं पण तडकत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, ‘उद्या तू लिंबाखाली येऊन बस. पोथी नाही, कादंबरी आहे. काम सरकारी आहे. कोण अडवतंय बघू.’

‘कोन न्हाई अडवनार,’ ती म्हणाली. ‘आवरून बसतील. लुगडी गोळा करतील. ते बघायची मला हौस न्हाई.’

‘मग मी बाभळीखाली येऊन वाचतो.’

‘आन दुसऱ्या दिशी बोंब हुईल, कारकून आपल्याच लोकांत बसतो, त्यांचीच हजेरी लावतो. गप ऱ्हा.’ थोडं चालल्यावर तीच म्हणाली, ‘पन मला ऐकायचं हाय रं. तू सांगतोस ते बरं हाय, न्हाई असं न्हाई. पन गोष्ट चार मानसांत ऐकायची असती. दोघांनी वाटंनं बोलली की तिची चहाडी हुती.’

मला फार लागलं ते. तिला दुसरं काहीच नको होतं. पोरगं वाचतंय आणि आपण चार माणसांत बसून ऐकतोय, एवढंच. आणि तेवढंच माझ्या हातात नव्हतं.

शेवटी निकालाचा दिवस आला. मी वाचलं. पंच आत गेले, बाहेर आले, आणि त्यांनी काळ्याला दोषी ठरवलं. एवढं झकास भाषण होऊनही. मी पुस्तकातून मान वर केली. वाक्य आडवंतिडवं होतं, एका दमात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळे बुवांच्या तोंडाकडं बघत होते.

बुवांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, ‘आन पंचांनी त्याला सोडला.’

लिंबाखाली जो आनंद झाला तो काय सांगू. एकानं तर डबडं वाजवलं. मिशीवाला म्हणाला, ‘खेचर मिळालं का?’ बुवा म्हणाले, ‘मिळालं.’ आता काय, दिलं तर सगळंच दिलं.

शिट्टी झाल्यावर मी बुवांना खडीच्या ढिगामागं गाठलं. ‘बुवा, तो सुटला नाही. पुस्तकात शिक्षा झाली आहे.’

‘मला काय ऐकू येत न्हाई व्हय?’ बुवा म्हणाले. ‘पन कारकून, जरा इचार करा. एवढं भाषन मी रंगवलं. लोक रडले. आन आता सांगू, की पंच बधले न्हाईत? लोक म्हनतील, भाषनातच दम नव्हता.’

‘भाषण वकिलाचं होतं.’

‘सांगितलं कुनी?’ बुवांनी छातीला हात लावला. ‘आन दुसरं असं, की दुष्काळाचं लोकान्ला आजून कडू कशाला पाजायचं? शेवट गोड पाहिजे. आपल्याकडं कुठलीच पोथी कडू संपत न्हाई.’

त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. पण एक पंचाईत होती. आमच्याकडं रीत अशी, की पोथीचा शेवटचा अध्याय राखून ठेवतात आणि समाप्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचतात, मग प्रसाद. बुवांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, की उद्या समाप्ती, प्रसाद सुकडीचा. सुकडी म्हणजे कामावर सरकार वाटायचं ते पौष्टिक पीठ. आणि राखून ठेवलेल्या त्या शेवटच्या अध्यायात बुवांनी सोडवलेला माणूस बेड्या घालून गाडीतून नेला जात होता.

‘त्यो अध्याय जरा हळू वाचा,’ बुवा म्हणाले. ‘बाकीचं मी बघतो.’

संध्याकाळी आई वाटेत म्हणाली, ‘लिंबाखाली डबडं वाजलं. सुटला वाटतं.’

‘नाही.’

‘मंग वाजवलं कशाला?’

मी तिला सगळं सांगितलं. बुवांनी त्याला कसा सोडवला, का सोडवला. ती ऐकत राहिली. हसलीही थोडी. ‘बोलाचीच कढी आन बोलाचाच भात,’ म्हणाली. मग घराच्या दारात थांबून तिनं विचारलं, ‘समाप्ती उद्याच ना?’

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे नेहमीसारखे बसले. बुवांनी धुतलेलं उपरणं घेतलं होतं. पुस्तकाला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं, आणि ते नेमकं बेड्यांच्या पानावर सांडलं. मी वाचायला तोंड उघडणार, इतक्यात लोकांच्या माना वळल्या. आई बाभळीखालून उठून चालत येत होती. लिंबाची सावली जिथं संपते तिथं येऊन ती थांबली. सावलीच्या बाहेर.

‘बुवा,’ ती म्हणाली, ‘तुमी त्याला सोडवला म्हनं.’

‘कारकुनाच्या आई, तुमी?’ बुवा म्हणाले. ‘व्हय, सोडवला.’

‘लई उपकार झाले. माझं पोरगं म्हनतं त्यो सुटलाच न्हाई, पन पोराचं काय ऐकता. तुमी सोडवला म्हंजे सुटला.’ ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाजीचा भाव विचारावा तशी. ‘साता समुद्रापल्याडचा मानूस तुमी हितं बसून सोडवता. मंग मी म्हनलं, बुवाला एक बारीकसं काम सांगावं. ते तर हाताच्या अंतरावर हाय. मला माझ्या पोराचं वाचन ऐकायचं हाय. हितं, सगळ्यांत बसून.’

लगेच चारी बाजूंनी आवाज आले. ‘बसा की.’ ‘कोन न्हाई म्हनलंय?’ ‘आता कुठं काय ऱ्हायलंय तसलं?’ सगळ्यांचे सूर गोड. आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

‘बसते की,’ आई म्हणाली. ‘कुठं बसू, तेवढं दावा.’

लिंबाखाली माणसं पोती टाकून बसली होती. पोत्याला पोतं लागून. एक पोतं सरकवलं असतं तर जागा झाली असती. ते सरकवायचं कोणी, यावर सगळं अडलं. कोणी भाकरीच्या फडक्याची गाठ बघत होतं, कोणी लिंबाच्या शेंड्याकडं. अशा वेळी बोलायचं ते बुवांनी. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. बुवांनी तोंड उघडलं. बंद केलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना अर्थ सापडेना.

आई म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या. सुट्टी संपंल.’ आणि आली तशी माघारी गेली. मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो.

बुवा उठले. बुडाखालचं पोतं त्यांनी झटकलं, काखेत मारलं, आणि बाभळीच्या दिशेनं चालायला लागले. लिंबापासून बाभूळ काही फार लांब नव्हती, पण गावातलं कोणी ते अंतर चालताना मी बघितलं नव्हतं. अर्ध्यावर गेल्यावर ते वळून मला म्हणाले, ‘कारकून, पुस्तक आना. समाप्ती व्हायचीय.’

मी पुस्तक घेतलं आणि पेटी तिथंच सोडली. मागून काही जण आले. बाभळीपर्यंत आले नाहीत. मध्येच उन्हात उभे राहिले, ना या सावलीत ना त्या. त्यात तो मिशीवालाही होता; त्याचा जीव अजून खेचरात अडकला होता. बाकीचे लिंबाखालीच राहिले आणि पाठ फिरवून जेवायला लागले.

बुवा बाभळीच्या काट्यांतून जागा बघून बसले. आई समोर, आमच्या वस्तीतली माणसं भोवती. मी वाचलं. हळू नाही वाचलं. बेड्या घातलेला तो माणूस गाडीत बसतो, गाडी निघते, त्याची बायको रस्ता संपेपर्यंत गाडीमागून चालत जाते. बस, एवढाच अध्याय.

मी थांबलो. बुवांनी उपरणं डोळ्याला लावलं नाही. आवाज वरखाली केला नाही. उन्हात उभ्या असलेल्यांकडं बघत म्हणाले, ‘त्यो सुटला न्हाई. काल सोडवला त्यो मी. भाषन चांगलं हुतं. भाषनानं काय झालं न्हाई.’

‘आन खेचर?’ मिशीवाला म्हणाला.

‘खेचर बी न्हाई.’

आई माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडावर असा काही आनंद, की मला तिच्याकडं बघवेना. तिनं ऐकलं होतं. चार माणसांत बसून, माझ्या तोंडून, जसं होतं तसं.

‘त्याची बायकू काय म्हनली गाडीमागून जाताना?’ तिनं विचारलं.

‘लिहिलं नाही,’ मी म्हणालो.

‘लिवलं नसंल. म्हनली असंल की. उपाशीपोटी जाऊ नगा, एवढं तरी म्हनली असंल.’ असं म्हणत तिनं आपलं फडकं सोडलं. मिलोची, म्हणजे अमेरिकेतून यायची त्या लाल ज्वारीची, तांबडी भाकरी होती. बुवांची शिदोरी लिंबाखालीच राहिली होती. आईनं भाकरी मोडली, अर्धी हातावर घेतली आणि पुढं केली. ‘घ्या बुवा. समाप्ती हाय.’

बोलायला बुवांनी कधी वेळ लावला नव्हता. त्या भाकरीकडं हात न्यायला मात्र त्यांना वेळ लागला. उन्हातले उघड बघत होते आणि लिंबाखालचे पाठ फिरवून बघत होते. आईचा हात तसाच पुढं होता. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार, एखादा दृष्टांत काढणार आणि त्याच्या आडून निसटणार.

बुवांनी भाकरी घेतली. घास मोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता आईला विचारलं, ‘कांदा हाय का?’

आई म्हणाली, ‘हाय की.’